न्हाणीघरातली राखणज्योत

१

नाथानं पहारेनं न्हाणीघराचं दार फोडलं तेव्हा कमळाबाई आत पाटाशेजारी आडव्या पडल्या होत्या. केस मोकळे, तेलाची वाटी कलंडलेली, आणि तेल फरशीवरून मोरीकडं चाललेलं. नाथा मोठा धीराचा गडी. दाराकडं धावण्याआधी त्यानं मागच्या अंगणातल्या टाकीची मुख्य चावी आवळून ग्यास बंद केला होता. आत शिरल्यावर बंबाचीही मोठी चावी आवळली, तोंडाला मुंडासं गुंडाळलं आणि बाईंना खांद्यावर टाकून तुळशीपाशी मोकळ्या हवेत आणून ठेवलं. मालकिणीला खांद्यावर घेतलं म्हणून नंतर आळीतले चार लोक बोलले. बोलणाऱ्यांचं काय जातं! बाई वाचल्या त्या त्याच खांद्यामुळं.

कमळाबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना शुद्ध आली ती माजघरातल्या अंथरुणावर. डोक्यात घण पडत होते. उशाशी नवरा बसलेला. प्रभाकरपंत वकील, कोर्टात ज्यांचा आवाज चढला की समोरचा साक्षीदार गडबडून जाई, ते बायकोचे तळवे चोळत होते आणि उपरण्यानं डोळे टिपत होते.

"कमळे, देवानं राखलं गं तुला."

तेवढ्यात देवघरातून हौसाबाईंचा आवाज आला. या पंतांच्या विधवा आत्या. त्यांनीच पंतांना लहानाचं मोठं केलेलं.

"देवाची पळी उंबऱ्यावर कुणी टाकली? पारोशा हातानं पळीला कोण शिवलं?"

"आत्या, अगं इथं काय चाललंय आणि तुला पळी सुचतेय!" पंत ओरडले.

खरंच हो! सून मरणाच्या दारातून परत आलेली आणि म्हातारीला पळीची पडलेली. कमळाबाईंना तशातही हसू आलं. मग त्यांची नजर दाराकडं गेली. दारात तुळसा उभी होती. ही घरची मोलकरीण, नाथाची बायको. पदर तोंडात कोंबून रडत होती.

"अगं तुळसा, रडतेस कशाला? मी आहे जिवंत."

"वैनीबाई, मालकांनी त्यांना लाकडाच्या खोलीत कोंडलंय. फौजदार येनार हाय. माज्या दादल्यानं तुमचा जीव घ्यायला बगितला म्हनं!"

२

आता हा बंब म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

प्लेग यायच्या आधीच्या सालातली ही गोष्ट. मुंबईच्या रस्त्यांवर ग्यासचे दिवे होते. ठाण्यात मात्र रॉकेल आणि समई. पण प्रभाकरपंत पडले हौशी. कोपरीच्या वाटेवर नवा बंगला, वकिली जोरात, आणि डोक्यात सदा काहीतरी विलायती खूळ. त्यांनी बंगल्यामागं पत्र्याची खोली बांधली. तिथं लोखंडी नळकांडं लाल होईस्तोवर तापवायचं आणि त्यात एरंडेलाची धार सोडायची, की तेलाचा ग्यास होऊन टाकीत साठायचा. टाकीचं झाकण पाण्यावर तरंगायचं. ग्यास भरला की वर यायचं, खर्च झाला की खाली बसायचं. टाकीतून नळ घरात. त्यावर बोळात एक दिवा आणि न्हाणीघरात विलायतेहून आणवलेला तांब्याचा बंब.

बंबाला दोन चाव्या. छोट्या चावीच्या टोकाला बारीक चोच, आणि चोचीवर करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत. घरात तिला राखणज्योत म्हणत. पहाटे नाथा ती लावून जाई. न्हाणाऱ्यानं मग नुसती मोठी चावी फिरवायची. खालच्या शेगडीतून ग्यास सुटे, राखणज्योतीवर भप्पकन पेट घेई आणि पाणी तापे. ज्योत असायची पत्र्याच्या झडपेआड. ती जळतेय की नाही हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नसे. आणि रोज होणाऱ्या गोष्टीसाठी रोज वाकतं कोण?

आत उघडा दिवा न्यायचा नाही, हा पंतांचा कडक नेम. बोळातल्या दिव्याचा उजेड मधल्या लाल-हिरव्या काचेतून येई, तेवढाच.

पंत हौशी खरे, पण देवभोळेही तितकेच. दसऱ्याला वह्या-हत्यारांबरोबर त्यांनी बंबाचीही पूजा केली. राखणज्योतीला हळदकुंकू, फूल, साखरेचा नैवेद्य. "अग्निनारायण आहे तो. विलायतेहून आला म्हणून काय झालं?" म्हणाले. त्याच दिवशी नाथानं आगकाडी फुंकून विझवली, तर केवढे भडकले! "अरे गाढवा, तोंडाच्या उष्ट्या वाऱ्यानं अग्नी विझवतोस?" त्या घरात समईवर कधी कुणी फुंकर मारली नाही. वात फुलानं दाबायची. नवरात्रातला होम संपला की पंत स्वतः पळीनं दूध शिंपडून अग्नी शांत करायचे, आणि हात जोडायचे.

हौसाबाईंचं मात्र त्या बंबाशी हाडवैर. चाव्यांत चामड्याची चकती आहे असं कळल्यापासून त्यांनी न्हाणीघरात पाऊल टाकलं नव्हतं. त्या पहाटे विहिरीवरच न्हात आणि येता-जाता त्या दाराकडं बघून नाक मुरडत.

३

"सरळ गोष्ट आहे," पंत म्हणाले. कमळाबाईंना तुळसानं ओव्याची धुरी दिली होती. आठवडाभर पडशानं चोंदलेलं नाक जरा मोकळं झालं होतं. "टाकीतला ग्यास संपला. राखणज्योत गेली. नाथानं नवा ग्यास सोडला आणि ज्योत लावायला विसरला. तू मोठी चावी फिरवलीस, पेटलं काहीच नाही. पडशानं तुझे कान दडलेले, नाक बंद; पेटलं नाही हे ऐकू आलं नाही, वासही कळला नाही. निष्काळजीपणा! तुरुंगात खडी फोडायला लावतो बघ त्याला."

"पण त्यानंच मला बाहेर काढलं ना?"

"चूक झाकायला. परशुरामपंतांना कल्याणला निरोप धाडलाय. घरचाच फौजदार असला म्हणजे बाहेर बोभाटा नको."

परशुराम म्हणजे कमळाबाईंचा सख्खा थोरला भाऊ. दादा येणार म्हणून त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण मनात काहीतरी खुपत होतं. त्यांनी डोळे मिटले. पाट आठवला, तेलाची वाटी आठवली. वाटीतल्या तेलावर लाल-हिरवा उजेड थरथरत होता, आणि त्याच उजेडाकडं बघता बघता त्या कलंडल्या होत्या.

"अहो, बोळातला दिवा जळत होता."

"मग?"

"तोही त्याच नळावर आहे ना? ग्यास संपला असता तर तोही विझला असता. पुन्हा कुणी लावला?"

  पंतांनी बायकोच्या कपाळावर हात ठेवला.

"तुला ग्लानी होती, कमळे. नसतं दिसतं माणसाला. पड जरा."

किती मायेचा हात तो! परवाच त्यांनी न्हाणीघराच्या झरोक्याला फळी ठोकून घेतली होती. "तुला पडसं झालंय, वारा लागेल," म्हणून. कमळाबाईंना तेव्हा आतून भरून आलं होतं. मूलबाळ झालं नाही म्हणून सासरच्यांनी जिला टाकून बोलावं, तिची एवढी काळजी करणारा नवरा मिळायला पुण्य लागतं, असं त्यांनी तुळसाला दोनदा सांगितलं होतं.

पंत जेवून वामकुक्षीला गेले. कमळाबाई भिंत धरून उठल्या. नवऱ्याची काहीतरी चूक होतेय, एवढंच त्यांच्या मनात होतं. दादा येईपर्यंत ती दाखवून दिली नाही, तर ज्यानं आपला जीव वाचवला तो आपल्याच नावानं तुरुंगात जाणार.

४

लाकडाच्या खोलीच्या दाराला त्यांनी तोंड लावलं.

"नाथा, खरं सांग. ज्योत लावलेलीस?"

"लावलेली, वैनीबाई. कोंबरा आरवला तवा लावली. माज्या डोल्यांनी बगितली, निळी जळत व्हती. मंग मी टाकीपाशी गेलो."

"मग तुला कळलं कसं, आत काही बिनसलंय?"

"टाकीचं झाकन भराभरा खाली चाललेलं. म्हनजे बंब चालू हाय. पन बंबाच्या धुराड्यातून धूर नाय, वाफ नाय. म्हटलं, ग्यास जातोय, मंग जळत कसा नाय?" नाथा दाराच्या फटीशी आला. "वैनीबाई, मना फाशी देतील का?"

"खुळा आहेस का? माझ्याजवळ काडेपेटी आहे. मी स्वतः ज्योत लावून बघते."

हो, मोठी चावी फिरवण्यापलीकडंही बाईंना त्या बंबातलं कळत होतं. नवरा नवी वस्तू आणी, चार दिवस मिरवी आणि विसरे. घरात ती चालते कशी हे बघून ठेवायची सवय बाईंचीच.

न्हाणीघराचं दार बिजागरीवर लोंबकळत होतं. वारा आरपार जात होता, वास उरला नव्हता. त्यांनी झरोक्याची फळीही काढून टाकली. बोळातल्या दिव्याची चावी आवळली, अंगणात जाऊन टाकीची मुख्य चावी उघडली आणि परत येऊन बंबासमोर बसल्या. झडप वर केली. छोटी चावी बघितली. ती उघडीच होती! म्हणजे कुणी चावी बंद करून ज्योत घालवलेली नाही. वाऱ्यानं गेली म्हणावं, तर झरोका बंद, झडप खाली, वारा शिरणार कुठून? ग्यास संपून गेली म्हणावं, तर बोळातला दिवा साक्षीला.

त्यांनी काडी पेटवून चोचीजवळ धरली. ज्योत धरेना. दुसरी काडी. एक निळा ठिपका चमकला आणि गेला. तिसऱ्या काडीच्या उजेडात त्यांनी नाक लावून पाहिलं, आणि चोचीच्या तोंडावर काळपट-पिवळी खपली दिसली. भोकच बुजलेलं.

त्यांनी चावी आवळली, पदराला टोचलेली सुई काढली आणि खपली खरवडून तळहातावर घेतली. तेलाची काजळी म्हणावी, तर काजळी बोटाला लागते, ही कुरकुरत होती. मग पेटत्या काडीवर सुईचं टोक धरलं. खपली चुरचुरली आणि जो वास आला, तो ओळखायला वैद्य लागत नाही की फौजदार लागत नाही. बारा महिने चुलीपुढं बसणारी कोणतीही बाई तो झोपेतसुद्धा ओळखेल.

करपलेलं दूध होतं ते.

५

हौसाबाई माजघराच्या पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. कमळाबाई शेजारी टेकल्या.

"आत्याबाई, सकाळी पळीचं काय म्हणत होता?"

"कुणीतरी विचारलं बाई एकदाचं!" म्हातारीनं वाती बाजूला ठेवल्या. "विहिरीवरून न्हाऊन आले तर पळी देवघराच्या उंबऱ्यावर. पूजेचं दूध वाटीत झाकून ठेवलेलं, ते निम्मं. पळीला दूध वाळलेलं. मांजर असतं तर वाटी सांडली असती, पळी नसती नेली."

"देवघरात गेलं कोण?"

"मी विहिरीवर. तू न्हायला निघालेलीस. नाथा-तुळसा त्या उंबऱ्याच्या आत कधी येत नाहीत. मग राहिलं कोण?" हौसाबाई सहज बोलून गेल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं नसावं, कारण त्या पुढं म्हणाल्या, "प्रभाकरलाच विचारणार होते. हल्ली त्याचं चित्त ठिकाणावर नाही. साहजिकच आहे म्हणा. पण तू मनाची मोठी आहेस, कमळे. मी त्याला तेव्हाच म्हटलं, दुसरी करायची तर कर, पण कमळेला विचारून कर. तू हो म्हणालीस, हे ऐकून मला रडू आलं बघ."



"मी कशाला हो म्हणाले, आत्याबाई?"

म्हातारीनं मान वर केली. 

"अगं, डोंबिवलीची मुलगी. बघून आला ना तो! तुला सांगितलं म्हणाला. तू संमती दिलीस म्हणाला."

"मला कुणी काही सांगितलं नाही."

"मेल्यानं मलाही फसवलं!" हौसाबाईंचा आवाज चिरकला. "मुलीचा बाप म्हणाला, सवतीवर मुलगी द्यायची नाही. मला वाटलं, मोडलं, सुटलो. तर परवा हाच म्हणतो, आत्या, होईल ती अडचण दूर. मी म्हटलं, कशी होईल? तर हसला नुसता."

परवा. झरोक्याला फळी ठोकली तीही परवाच.

कमळाबाईंना सकाळची आणखी एक गोष्ट आठवली. त्या उठल्या तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. परसाकडं गेले असतील, असं वाटून त्या तेलाची वाटी घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी पदराचा बोळा करून पोटाशी धरला. रडू येईना. ग्यासानं जीव गेला असता तर एवढं दुखलं नसतं, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

बाहेर टांगा थांबला. परशुराम फौजदाराचा खणखणीत आवाज आला, "कमळी कुठाय?"

६

बहिणीला उभी बघून परशुरामचा जीव भांड्यात पडला. पंत तर झोपेतून उठून लगबगीनं पुढं झाले. चहा सांगितला, हकिकत सांगितली, अगदी मुद्देसूद. शिपायानं नाथाला बाहेर आणून हाताला दोरी बांधली. तुळसा अंगणात मटकन बसली.

"दादा, दोरी राहू दे," कमळाबाई म्हणाल्या. "पण त्याला घेऊन सगळे एकदा न्हाणीघरात चला. मला एक गोष्ट दाखवायची आहे."

"तुला बरं नाही, कमळे," पंत म्हणाले.

"मला आता खूप बरं आहे."

न्हाणीघरात शिपाई, नाथा, परशुराम आणि पंत दाटीनं उभे राहिले. हौसाबाई सवयीनं बोळातच थांबल्या. कमळाबाईंनी चोच सुईनं पुन्हा साफ केली, छोटी चावी उघडली आणि काडी लावली. राखणज्योत निळी, सरळ उभी राहिली.

"बघितलंस दादा? चोच साफ असली की ज्योत धरते. सकाळी ती दुधाच्या खपलीनं बुजली होती. ही बघ खपली, जाळून वास घे. नाथानं पहाटे ज्योत लावल्यावर कुणीतरी येऊन तिच्यावर दूध शिंपडलं. चावी मुद्दाम उघडी ठेवली. बंद केली असती तर कुणीतरी हात लावला हे लगेच कळलं असतं. आपोआप विझली असं दिसायला हवं होतं, म्हणजे दोष नाथावर."

"पण दूध कशाला?" परशुराम म्हणाला. "पाणी मारलं असतं तरी विझली असती."

"पाणी वाळून गेलं असतं, मागं काही राहिलं नसतं. फुंकरीनं तर सगळ्यात सोपं. हाच तर सगळा घोळ झाला, दादा. नाथाला ज्योत विझवायची असती तर तो फुंकर मारून मोकळा झाला असता. त्याला आगकाडी फुंकल्याबद्दल शिव्या बसल्यात इथं. तुळसानं तांब्याभर पाणी ओतलं असतं. शिवाय हे दूध पूजेचं. देवघरातून पळीनं आणलेलं. त्या उंबऱ्याच्या आत ही दोघं जात नाहीत."

"मग आत्या?" पंत चटकन म्हणाले. म्हणाले खरं, पण म्हणू नये ते म्हणाले.

बोळातून हौसाबाई कडाडल्या, "मी? चामड्याच्या त्या भुताला मी देवाची पळी लावीन? माझा हात झडेल! आणि मी असते तर पळीची बोंब मीच कशाला मारली असती रे? तुला लहानाचा मोठा केला तो हे ऐकायला?"

पंतांनी आत्याकडं बघितलं नाही.

"आत्याबाईंना हा अग्नी वाटतच नाही," कमळाबाई म्हणाल्या. "या घरात ह्या ज्योतीला देव मानणारं एकच माणूस आहे. ज्यानं दसऱ्याला हिला हळदकुंकू वाहिलं. ज्यानं परवा झरोक्याला फळी ठोकून घेतली. ज्याचं अंथरूण पहाटे रिकामं होतं. आणि ज्याला डोंबिवलीची मुलगी करायचीय, पण ती सवतीवर मिळत नाही."

 परशुरामच्या कपाळावरची शीर तटतटली, पण पंत वकील होते. त्यांनी घसा साफ केला.

"परशुरामपंत, हिच्या डोक्यात अजून ग्यास आहे. फळी, अंथरूण, खपली! कोर्टात कोण ऐकेल हे? दूध पळीनं शिंपडलं म्हणे. मला ज्योत विझवायची असती तर मला फुंकर मारता येत नव्हती?"

"मारा की," कमळाबाई म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता मारा. ती बघा जळतेय. तुम्ही फुंकर मारून विझवलीत, तर मी खोटी. सगळ्यांदेखत तुमच्या पायावर डोकं ठेवते, आणि दादा आल्या पावली परत जाईल. जाशील ना, दादा?"

परशुरामनं बहिणीकडं बघितलं आणि मान हलवली.

पंत हसले. केवढी सोपी गोष्ट! ते बंबापुढं उकिडवे बसले, झडपेशी तोंड नेलं आणि गाल फुगवले. ज्योत त्यांच्या डोळ्यांत दिसत होती. नाथा बघत होता, शिपाई बघत होता. पंतांचे ओठ थरथरले. मुंज झाल्यापासून ज्या माणसानं कधी निखाऱ्यावरसुद्धा फुंकर मारली नव्हती, त्याच्या छातीतला वारा बाहेर येईना. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नाही. कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला. आणि मग त्यांचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले.

"मारवत नाही?" कमळाबाईंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"कमळे..." पंत खालीच बसले. "अगं, घराला दिवा नको का? तुझ्यापोटी काही नाही. तो बाप ऐकेना. मी किती विनवलं त्याला..."

"त्याला विनवलंत. मला एकदाही नाही. मला विचारलं असतंत तर मी रडले असते, भांडले असते, आणि शेवटी माहेरी निघून गेले असते. तुम्हाला तेवढाही धीर धरवला नाही?"

 बोळात हौसाबाई भिंतीला डोकं टेकून उभ्या होत्या.

"नऊ वर्षांची होते मी," कमळाबाई म्हणाल्या. "लग्नातल्या होमाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, म्हणून मी रडत होते. तुम्ही माझा हात घट्ट दाबलात. त्या एवढ्याशा आधारावर मी या घरात राहिले. आज पहाटे पळी घेऊन इथं बसलात, तेव्हा अग्नीला उष्टा वारा लागू नये म्हणून जपलंत. त्याचा अपमान व्हायला नको होता. आणि त्यालाच साक्षी ठेवून जिचा हात धरलात, ती मेली असती तरी चाललं असतं!"

परशुरामनं पंतांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पाहुण्याचा नव्हता. "उठा, प्रभाकरपंत."

पंत उठले. दारापर्यंत गेले आणि मागं वळले. बायको काहीतरी बोलेल, निदान रडेल, असं वाटलं असावं.

कमळाबाई बंबासमोर वाकल्या. झडपेआड राखणज्योत अजून तशीच सरळ जळत होती. त्यांनी पदर नीट सावरला, छातीभर श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा पेटत्या ज्योतीवर फुंकर मारली. ज्योत एका फुंकरीत गेली.

पंतांच्या तोंडून "अगं!" असं निघालं, पण ते ऐकायला त्या थांबल्या नव्हत्या. त्यांनी छोटी चावी आवळली, मोठी चावी बंद आहे की नाही ते हात लावून पाहिलं आणि भावाकडं वळल्या.

"दादा, आता नाथाची दोरी सोड. मग कल्याणला जाऊ."